हौद्यात उतरणाऱ्यांना शाबासकी कशाची?

फोंड्याचा माझा आतेभाऊ गोवा विधानसभेच्या दर पावसाळी अधिवेशनात माझं डोकं खातो. विरोधी आमदार सभापतींसमोरच्या हौद्यात उतरले, मार्शलांनी त्यांना उचलून बाहेर नेलं, की व्हिडिओ माझ्या फोनवर हजर. खाली एकच शब्द, "शाब्बास!" शाब्बास कशासाठी, असं यंदा विचारलं तर म्हणाला, "सभागृह एक दिवसही चालू देता कामा नये. मगच ह्यांचे डोळे उघडतील."

डोळे कुणाचे उघडणार? चाळीस आमदारांत विरोधक सात. 2022 ला काँग्रेसचे अकरा निवडून आले होते. निवडणुकीआधी देऊळ, चर्च, दर्गा सगळीकडे पक्षनिष्ठेच्या शपथा झाल्या होत्या, आणि सप्टेंबरात आठ जण भाजपमध्ये. उरलेल्या मूठभरांचं भांडवल म्हणजे तारांकित प्रश्न, ज्यांना मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावरचे उपप्रश्न. जुलै 2023 च्या अखेरीस मणिपूरच्या हिंसाचारावरून गदारोळ झाला, सातही जण निलंबित झाले. प्रश्न विचारणारंच कुणी उरलं नाही. सरकारला याहून सोयीचं काय हवं?

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या स्विंडनला नुसत्या विरोधाचं काय होतं ते मी एकदा जवळून पाहिलंय. 15 जानेवारी 2019 ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, संसदेत 432 विरुद्ध 202 मतांनी पडला. पुढे आणखी दोनदा पडला. दर वेळी मुख्य विरोधी मजूर पक्ष विरोधात. कँटीनमध्ये माझ्याबरोबरचे लोक आधी हसायचे, मग वैतागायचे, शेवटी कुणी विषयच काढेना. डिसेंबरात निवडणूक झाली आणि मजूर पक्ष 202 जागांवर आला. आकड्याचा योगायोग बघा! स्विंडनच्या दोन्ही जागा मे यांच्या हुजूर पक्षाकडेच राहिल्या. कराराला विरोध चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण "नको" म्हणणाऱ्याला "मग काय हवं?" असं लोक विचारतातच, आणि उत्तर चाचरत आलं की मत दुसरीकडे जातं.

आतेभाऊ हुशार आहे. त्याने लगेच 2010 काढलं. टूजी घोटाळ्याच्या चौकशीला संयुक्त संसदीय समिती हवी म्हणून भाजपने संसदेचं अख्खं हिवाळी अधिवेशन वाहून जाऊ दिलं, तरी 2014 ला 282 जागा आल्याच ना? आल्या. पण गोंधळ हा त्यांच्या मोहिमेचा एक भाग होता, आपल्या विरोधकांची मोहीमच गोंधळ आहे. आणि दिल्ली कशाला, पर्वरीचं, आपल्या विधानसभेचंच घे म्हटलं. पर्रीकर विरोधी पक्षनेते होते तेव्हा लोकलेखा समितीत बसून बेकायदा खाणींचे कागद उपसत होते. 2011 चा तो अहवाल स्वीकारला गेला नाही, पण गावोगावी त्याचीच चर्चा होती. आमच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीत तर खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांच्या घरीसुद्धा. मार्च 2012 ला 21 जागा घेऊन ते मुख्यमंत्री झाले.

यावर तो नेहमीचं बोलला, "तुका कितें पडलां? तू पोर्तुगीज झालास."

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून चिडायला होतं. पोर्तुगालचा पासपोर्ट मी घेतला, पोटासाठी घेतला, त्याची लाज नाही. पण त्यामुळे गोव्याच्या विधानसभेला माझं मत नाही आणि वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेलाही नाही. सेटल्ड स्टेटसवर, म्हणजे युरोपीय नागरिकांच्या इथल्या कायम वास्तव्याच्या परवान्यावर, स्थानिक काउन्सिलपुरतं मत मिळतं, म्हणजे कचऱ्याचे डबे आणि रस्त्यातले खड्डे. इथल्या खासदाराने संसदेत शेवटचं काय विचारलं ते मला सांगता येणार नाही. उलट रात्रपाळीहून सकाळी सातला घरी आलो की पर्वरीत साडेअकरा झालेले असतात, प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. मी बूटही न काढता फोन लावून बसतो. बायको म्हणते, झोपा आता, तिथे तुमचं कोण आहे? गदारोळ होऊन कामकाज तहकूब झालं की मीच सर्वांत जास्त भडकतो. एवढं जागून ऐकायला बसावं आणि एकालाही धड प्रश्न विचारता येऊ नये?