सँड क्रीक : ‘एव्हान्स तेव्हा वॉशिंग्टनला होते’ एवढ्यावर भागत नाही

कोलोरॅडो टेरिटरीचे (तेव्हा अजून राज्य न झालेल्या अमेरिकी प्रदेशाचे) दुसरे गव्हर्नर जॉन एव्हान्स यांच्याविषयी एक दावा सर्रास फिरतो, तो असा : २९ नोव्हेंबर १८६४ला कोलोरॅडोतल्या सँड क्रीकवर शायेन आणि अरापाहो या मूळ अमेरिकन जमातींच्या (तेव्हाच्या भाषेत ‘इंडियन’) लोकांची कत्तल झाली, तेव्हा ते वॉशिंग्टनला होते. सैन्य त्यांच्या हाताखाली नव्हतं. त्यांचे जाहीरनामे फक्त लढणाऱ्यांविरुद्ध होते. आणि पुढे राजकारणात त्यांचा बळी गेला.

ते वॉशिंग्टनला होते, हे खरं. हल्ला कर्नल चिव्हिंग्टन या लष्करी अधिकाऱ्याने केला आणि एव्हान्सना त्याची आधी कल्पना होती असा पुरावा नाही. पण लिंकनने १८६२मध्ये त्यांना नेमलं तेव्हा गव्हर्नरपदासोबत इंडियन व्यवहारांचं अधीक्षकपदही आलं. या जमातींशी बोलणी करणं हे त्यांचंच काम होतं.

जाहीरनाम्यांचं म्हणाल तर तारखा बघा. २७ जून १८६४ला त्यांनी शांतताप्रिय इंडियनांना ठरावीक किल्ल्यांवर यायला सांगितलं; शायेन-अरापाहोंसाठी फोर्ट लायन. मैदानात दूरवर विखुरलेल्या टोळ्यांपर्यंत हा निरोप पोचायला वेळ लागणारच होता. शायेनांचा प्रमुख ब्लॅक केटल याचं तहाचं पत्र ऑगस्टअखेर लिहिलं गेलं. त्याआधीच, ११ ऑगस्टला, दुसरा जाहीरनामा निघाला : कोणाही नागरिकाने शत्रू इंडियनांचा पाठलाग करून त्यांना ठार मारावं, हाती लागलेली मालमत्ता स्वतःकडे ठेवावी. किल्ल्यांवर आलेल्यांना वगळा, असं त्यात होतं; पण माळावर दिसलेला माणूस कोणता, हे ओळखायचं कसं? आणि लूट ठेवायची मुभा असताना ती खातरजमा कोण करत बसणार? हे जाहीरनामे रद्द व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडावा लागला.

सैन्याचा मुद्दा तर सर्वांत कच्चा. हल्ल्यातलं बहुतांश सैन्य थर्ड कोलोरॅडो कॅव्हलरीचं होतं. शंभर दिवसांच्या भरतीची ही पलटण उभी करायची परवानगी एव्हान्सनीच युद्धखात्याकडे मागितली होती. २८ सप्टेंबरला डेन्व्हरजवळच्या कॅम्प वेल्ड या लष्करी तळावर ब्लॅक केटल तहासाठी समोर येऊन बसला, तर हे प्रकरण आता लष्कराकडे आहे म्हणून एव्हान्सनी हात झटकले. ब्लॅक केटलला या भेटीला घेऊन आलेल्या मेजर विन्कूपच्या साक्षीप्रमाणे, तह केला तर इंडियनांना मारायला उभारलेल्या पलटणीचं काय करायचं, असं ते म्हणाले होते. पुढे ब्लॅक केटलच्या छावणीवर अमेरिकेचा झेंडा फडकत असताना सुमारे २३० माणसं मारली गेली. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे.

कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळावा की नाही यावरून त्यांना विरोधक होते, हे मान्य. पण अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) संयुक्त समितीने १८६५मध्ये ठपका ठेवला तो त्यांच्या टाळाटाळीच्या साक्षीवर, आणि राजीनामा मागितला गेला तो त्यानंतर.

या कत्तलीचा निषेध त्यांनी कधीच केला नाही. उलट १८८४च्या मुलाखतीत, यामुळे मैदानं इंडियनांपासून मोकळी झाली, कोलोरॅडोचा फायदाच झाला, असंच त्यांचं म्हणणं होतं.