मालकाचं उत्तर : ‘वीस मिनिटांच्या कामाला दोन दिवस’

नमस्कार सर,

कॉम्प्युटरसाठी तुम्हाला आमच्या दुकानात दोनदा यावं लागलं, त्याबद्दल माफी. मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या बर्डीत गाडी लावायला जागा शोधणं काय असतं, ते आम्हाला माहीत आहे.

पण ‘वीस मिनिटांच्या उबुंटूला दोन दिवस लावले आणि फुकटच्या लिनक्सचे नऊशे घेतले’ हे तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूमधलं वाक्य मनाला लागलं. उबुंटू म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स सिस्टिम; तिचं इन्स्टॉलेशन वीस मिनिटांचंच असतं, आम्ही कुठं नाही म्हणतो? वेळ जातो तो त्याच्या आधी.

तुमच्याकडे उबुंटूची जुनी आवृत्ती होती, २०.०४. तिचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, २०२५ च्या मे महिन्यात संपला, म्हणून २४.०४ ही नवी आवृत्ती कोरी टाकायचं ठरलं. काउंटरवर तुम्हीच म्हणालात, “टाइमशिफ्ट चालू आहे, बिनधास्त फॉर्मॅट मारा.” टाइमशिफ्ट हे बॅकअपचं सॉफ्टवेअर सिस्टिम सांभाळतं हो, पण तुमच्या फाइलींचं होम फोल्डर मुद्दाम सांगितल्याशिवाय घेत नाही. त्यात तुमच्या होमला डिस्कवर वेगळा भाग, म्हणजे पार्टिशनही नाही. ऐकलं असतं तर घरच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ गेले असते.

तुम्ही दिलेली हार्ड डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉर्मॅट केलेली निघाली. तिच्यावर चार जीबीच्या वरची फाइल बसतच नाही, आणि तिच्यात आधीचा डेटा असल्यामुळे तीही पुसता येईना. शेवटी दुकानाच्या डिस्कवर कॉपी लावली. शटर ओढता ओढता तुमचा फोन, फायरफॉक्सचे पासवर्डही पाहिजेत! ते लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, कंट्रोल-एच दाबल्याशिवाय दिसत नाहीत. शिवाय नव्या उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप नावाच्या वेगळ्या पॅकेजमधून येतो, त्याचं प्रोफाइल (पासवर्ड, सेटिंग वगैरे) वेगळ्या जागी असतं. नऊशे रुपये या कामाचे आहेत, बिलावर तसंच लिहिलंय. लिनक्सचा एक रुपयाही लावलेला नाही.

नेताना व्हिडिओ चालवून पाहिलेत, “एक नंबर काम” म्हणालात. घरी पोचेपर्यंत एक स्टार? धंदा छोटा आहे सर, नवीन गिऱ्हाईक आधी स्टारच बघतं.

यापुढे अंदाजे वेळ आधीच लिहून द्यायचं बघतो, पोरांनाही सांगितलंय.

तुमच्या डेटाची एक प्रत अजून आमच्याकडे आहे. घरी सगळं तपासून झालं की फोन करा, मग पुसतो. रविवारी दुकान बंद असतं.