एक गोल, आठ बिहाइंड : 1897 चं विजेतेपद अर्धवट नव्हतं

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या इतिहासाबद्दल बोलणं निघालं की 1897 च्या मोसमाला हमखास दोन टोमणे ऐकावे लागतात. पहिला, त्या वर्षी ग्रँड फायनल झालीच नाही, मग विजेता कसला? दुसरा, विजेतेपद ठरवणारा सामना 14 विरुद्ध 8 असा संपला, म्हणजे खेळ किती रटाळ असेल! दोन्ही आक्षेप गुणफलक नीट न वाचता घेतलेले आहेत. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा, म्हणजे आजच्या एएफएलचा (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग), हा पहिलाच मोसम. एसेंडन या क्लबने जिंकलेलं ते विजेतेपद नंतरच्या कुठल्याही विजेतेपदाइतकंच कसाला लागलेलं आहे, हे माझं ठाम मत. त्यासाठी आधी आकडे वाचता यायला हवेत.

मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधले दोन उंच, बाहेरचे दोन बुटके. मधल्या दोन खांबांतून थेट लाथेने मारलेला चेंडू गेला तर गोल. मधला आणि बाहेरचा खांब यांच्यामधून गेला तर बिहाइंड. 1896 पर्यंत बिहाइंडची नोंद व्हायची, पण निकालात त्याला काडीची किंमत नव्हती. फक्त गोल मोजले जायचे. 1897 पासून गोलला 6 गुण आणि बिहाइंडला 1 गुण असा हिशेब आला, आणि तो आजतागायत तसाच आहे. म्हणून 6.13 (49) असं लिहिलेलं दिसलं की वाचायचं : सहा गोल, तेरा बिहाइंड, सहा सख्खं छत्तीस अधिक तेरा, एकूण 49. मधला तो टिंब दशांशचिन्ह नाही. नवखा वाचक 6.13 हे 6.8 पेक्षा लहान समजतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

8 मे 1897 ची पहिली फेरी घ्या. ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावर फिट्झरॉय 6.13 (49), कार्लटन 2.4 (16). व्हिक्टोरिया पार्कवर कॉलिंगवुड 5.11 (41), सेंट किल्डा 2.4 (16). जीलाँगच्या कोरायो ओव्हलवर पाहुण्या एसेंडनचे 7.5 (47), यजमानांचे 3.6 (24). लेक ओव्हलवर मेलबर्न 6.8 (44), साउथ मेलबर्न 3.9 (27). चारही सामने मिळून गोल 34, बिहाइंड 60. एकट्या एसेंडनने बिहाइंडपेक्षा जास्त गोल मारले. बाकी सातही संघांच्या खात्यात गोल कमी आणि बिहाइंड जास्त. नेम हीच त्या काळातली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट होती, आणि ती कुणाकडे होती हे पहिल्याच शनिवारी दिसलं.

गुण कमी का व्हायचे, याचं उत्तर खेळाडूंच्या कुवतीत शोधू नका. 1897 आणि 1898 मध्ये एका संघात 20 खेळाडू मैदानात असत. 18 ची मर्यादा 1899 मध्ये आली. म्हणजे तेवढ्याच गवतावर आजच्यापेक्षा चार माणसं जास्त. गोलसमोर गर्दी, मोकळी जागा कमी, घाईत मारलेली लाथ जास्त. बदली खेळाडू नावाचा प्रकारच नव्हता. एकोणिसावा खेळाडू राखीव ठेवायची मुभा मिळाली ती 1930 मध्ये. तोवर कुणाचा गुडघा निकामी झाला तर संघ एका माणसाने कमी खेळायचा किंवा तो माणूस लंगडत पुढच्या कोपऱ्यात उभा राहायचा. त्यात हा हिवाळ्यातला खेळ, आणि चेंडू अस्सल चामड्याचा. भिजला की जड होतो आणि पायावरून नीट सुटत नाही. आजच्या 90-100 गुणांच्या सामन्याशेजारी 1897 चे 40 गुण ठेवून जे हसतात, ते दोन वेगळे खेळ एका तराजूत घालतात.

आणखी एक चूक नेहमी होते. त्या मोसमातला सर्वाधिक गोल करणारा जीलाँगचा एडी जेम्स. त्याचे 22 गोल हे साखळीतल्या 14 फेऱ्यांचे आहेत. अंतिम टप्प्यातले गोल त्यात मिळवले की आकडा बदलतो, आणि मग दोन ठिकाणचे दोन आकडे बघून लोक वाद घालत बसतात. आकडा कुठल्या टप्प्यापर्यंतचा, हे आधी विचारा.

आता मुख्य मुद्दा, विजेता ठरवायची पद्धत.

संघ आठ. प्रत्येकाने उरलेल्या सातांशी दोनदा खेळायचं, म्हणजे 14 फेऱ्या, 56 सामने. त्यातले पहिले चार अंतिम टप्प्यात. हे चार होते जीलाँग, एसेंडन, मेलबर्न आणि कॉलिंगवुड, याच क्रमाने. जीलाँग आणि एसेंडन दोघांचेही 11 विजय आणि 3 पराभव. पुढे आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. चौघांनी पुन्हा एकमेकांशी एकेकदा खेळायचं, तीन शनिवारांत सहा सामने. ज्याचे विजय जास्त तो विजेता. बरोबरी झाली तरच एक जादा सामना.

यात एखादा दिवस वाईट गेला म्हणून वर्षभराची मेहनत मातीत जात नाही. नशिबाच्या जोरावर दोन सामने जिंकून कुणी डोक्यावर मुकुटही चढवू शकत नाही. चारातल्या प्रत्येकाला उरलेल्या तिघांना सामोरं जावंच लागतं. एसेंडनने तिन्ही सामने जिंकले. पहिला क्रमांक पटकावून आलेल्या जीलाँगला हरवलं, कॉलिंगवुडला हरवलं, मेलबर्नला हरवलं. मग ग्रँड फायनल कुणाशी खेळायची? उरलेल्या तिघांनाही हरवून झालं होतं. 2023 च्या विश्वचषकात सलग दहा सामने जिंकून अहमदाबादला 19 नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी सगळं हातातून गेलेलं आपण पाहिलं आहे. ते पाहिलेल्या माणसाने तरी 'फायनल नाही म्हणजे विजेतेपद खोटं' असं म्हणू नये.

4 सप्टेंबर 1897, लेक ओव्हल. एसेंडन 1.8 (14), मेलबर्न 0.8 (8). अंतिम टप्प्यातल्या सामन्यात विजयी संघाचे इतके कमी गुण त्यानंतर कधीही झालेले नाहीत. दोन्ही संघांचे बिहाइंड सारखे, आठ आणि आठ. म्हणजे नवा नियम काढून टाकला तरी निकाल तोच, 1-0. पूर्ण सामन्यात एकच चेंडू दोन उंच खांबांतून गेला, तो एडगर क्रॉफ्टने मारलेला. कर्णधार जॉर्ज स्टकीच्या एसेंडनला विजेतेपद मिळालं ते त्या एका लाथेवर. हा सामना रटाळ म्हणणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. मेलबर्नला बरोबरीसाठी एक गोल हवा होता. त्यांचे आठ चेंडू गोलच्या बाजूने गेले. त्यातला एकही आत गेला असता तर मेलबर्नचे 13 झाले असते आणि फरक उरला असता फक्त एका गुणाचा. वर आणखी एक बिहाइंड मिळाला की बरोबरी. शेवटच्या घंटेपर्यंत सामना हातात होता असं म्हणण्याची सोय एसेंडनला एकदाही नव्हती.

अंतिम टप्प्यातल्या या साखळी पद्धतीत दोष नव्हता असं मी म्हणत नाही. सर्वांत मोठा दोष असा की विजेता आधीच ठरू शकतो आणि शेवटचा शनिवार ओस पडतो. क्लबांचं उत्पन्न फाटकावरच्या तिकिटांतून यायचं, त्यामुळे हा दोष त्यांना झोंबणारा होता. 1898 मध्येच पद्धत बदलली आणि त्या वर्षी पहिली ग्रँड फायनल झाली. फिट्झरॉय 5.8 (38), एसेंडन 3.5 (23), मैदान सेंट किल्डाचं जंक्शन ओव्हल. 1924 मध्ये साखळीचा प्रयोग पुन्हा एकदा झाला आणि दोष उघडा पडला. एसेंडन अखेरचा सामना रिचमंडशी हरलं, तरी विजेतं ठरलं. हरून मैदानाबाहेर येणारा संघ विजेता, हे प्रेक्षकांना कसं पटावं? पुढच्याच वर्षी ती पद्धत गेली ती कायमची. ग्रँड फायनलशिवायचे मोसम हे दोनच, 1897 आणि 1924, आणि दोन्हींत एसेंडन. पण 1924 चा आक्षेप 1897 च्या गळ्यात बांधणं चूक आहे. पहिल्या वर्षी विजेत्याने शेवटचा सामनाही जिंकला होता.

बिहाइंडला गुण दिल्याने काय बदललं, हे 1897 च्या अंतिम निकालात दिसत नाही, कारण तिथे दोन्ही हिशेब जुळतात. आदल्या वर्षीही जुळतात. 3 ऑक्टोबर 1896 ला कॉलिंगवुडने साउथ मेलबर्नला 6.9 विरुद्ध 5.10 असं हरवून जुन्या असोसिएशनचं, म्हणजे लीगच्या आधीच्या व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनचं, विजेतेपद मिळवलं. नव्या हिशेबाने ते 45-40 होतं, विजेता तोच. फरक दिसतो तो 1977 च्या ग्रँड फायनलमध्ये. नॉर्थ मेलबर्न 9.22 (76), कॉलिंगवुड 10.16 (76). जुन्या नियमाने कॉलिंगवुड एका गोलने विजेतं झालं असतं. नव्या नियमाने बरोबरी झाली, पुढच्या आठवड्यात सामना पुन्हा खेळवला आणि नॉर्थ मेलबर्नने 151-124 असा जिंकला. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका नियमाने तो चषक एका क्लबच्या घरातून दुसऱ्याच्या घरात नेला.

हे तेच नॉर्थ मेलबर्न ज्याला 1896 मध्ये लीगच्या दारात उभं केलं नव्हतं. या मोसमावर माझी खरी तक्रार आहे ती इथे.

असोसिएशनमध्ये 1896 ला 13 क्लब होते. मंदीचे दिवस, प्रेक्षक कमी झालेले, आणि फाटकावरचा पैसा सर्व क्लबांत वाटावा असा प्रस्ताव आलेला. ज्यांच्या मैदानावर गर्दी व्हायची त्यांना तो मान्य होणं शक्य नव्हतं. 2 ऑक्टोबर 1896 ला, म्हणजे त्या विजेतेपदाच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, सहा क्लबांनी फुटायचं ठरवलं : कॉलिंगवुड, एसेंडन, फिट्झरॉय, जीलाँग, मेलबर्न, साउथ मेलबर्न. सोबत कार्लटन आणि सेंट किल्डाला बोलावलं. मागे राहिले पाच : नॉर्थ मेलबर्न, पोर्ट मेलबर्न, फुटस्क्रे, विल्यम्सटाउन, रिचमंड. सेंट किल्डाचा संघ काही मोठा दांडगा नव्हता. पण मैदान चांगलं होतं आणि तिथे पोहोचणं सोपं होतं. खेळ बघून नव्हे, जागा बघून घेतलेला हा क्लब.

परिणाम गुणतक्त्यात आहे. 1897 मध्ये सेंट किल्डा 14 पैकी 14 सामने हरलं. 1898 तसंच, 1899 तसंच. 2 सप्टेंबर 1899 ला जीलाँगने 23.24 (162) केले आणि सेंट किल्डाने 0.1 (1). पूर्ण सामन्यात एक बिहाइंड! लीगच्या इतिहासातली ही सर्वांत कमी गुणसंख्या. सलग 48 पराभवांनंतर 1900 च्या पहिल्या फेरीत मेलबर्नशी सामना बरोबरीत सुटला. सेंट किल्डाने तक्रार केली की मेलबर्नचा एक बिहाइंड तिसऱ्या क्वार्टरची घंटा वाजून गेल्यानंतरच्या झेलावरून (चेंडू झेलणाऱ्याला मोकळी लाथ मिळते) आलेला आहे. तक्रार मान्य झाली, तो एक गुण वजा झाला आणि सेंट किल्डाला लीगमधला पहिला विजय मिळाला. त्या तीन वर्षांत त्या खेळाडूंनी दर शनिवारी मैदानात उतरणं सोडलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. दोष निवड करणाऱ्यांचा होता. रिचमंडला 1908 पर्यंत, नॉर्थ मेलबर्न आणि फुटस्क्रेला 1925 पर्यंत ताटकळावं लागलं.

आणि अधिकृत नोंदी 1897 पासूनच मोजायच्या, हेही मला पटत नाही. असोसिएशनची 1877 ते 1896 अशी 20 विजेतेपदं आहेत. जीलाँग 7, साउथ मेलबर्न 5, एसेंडन 4, कार्लटन 2, फिट्झरॉय 1, कॉलिंगवुड 1. बेरीज करा, वीसच्या वीस फुटून निघालेल्या क्लबांची. म्हणजे तेच क्लब, तीच मैदानं, बरेचसे तेच खेळाडू. बदललं ते संघटनेचं नाव आणि पैशाचं वाटप. एसेंडनने 1891 ते 1894 अशी सलग चार वर्षं विजेतेपद मिळवलं होतं. 1897 चा संघ आकाशातून पडलेला नव्हता. ही 20 वर्षं वेगळ्या रकान्यात दाखवा, बेरजेत धरू नका, चालेल. पण क्लबच्या विजेतेपदांची यादी 1897 ला सुरू होते असं मुलांना शिकवू नका.

मेलबर्नला राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी जाता जाता. त्या पहिल्या मोसमातली बरीच मैदानं आजही पायाखाली घेता येतात. फिट्झरॉयचं ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल एडिनबरो गार्डन्समध्ये आहे, जुना स्टँड शाबूत आहे. व्हिक्टोरिया पार्क ॲबट्सफर्डमध्ये. कार्लटनचं प्रिन्सेस पार्क त्याच मोसमात, 22 जून 1897 ला, लीगच्या सामन्यांसाठी सुरू झालं. जंक्शन ओव्हलवर आता व्हिक्टोरियाचं क्रिकेट केंद्र आहे. लेक ओव्हलच्या जागी ॲथलेटिक्सचं लेकसाइड स्टेडियम आहे. एडगर क्रॉफ्टचा गोल झाला तो तिथे. एमसीजी तर सर्वांना पाठ आहे. एसेंडनचं तेव्हाचं घर, ईस्ट मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, मात्र शोधू नका. 1921 मध्ये फ्लिंडर्स स्ट्रीटच्या रेल्वे यार्डासाठी ते मोडलं. जीलाँगला गेलात तर कोरायो ओव्हलही सापडणार नाही, त्यांचा क्लब 1941 मध्ये कार्डिनिया पार्कला गेला.