मसाई माराला जाताय? ड्रायव्हरला घाई लावू नका

केनियाच्या बहुतेक सात दिवसांच्या टूरमध्ये मसाई मारा या अभयारण्याला दोन रात्री असतात. बाकीचे दिवस अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि रस्त्यात जातात. माझं स्पष्ट मत आहे, असा कार्यक्रम घेऊ नका. नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास लांब, त्यामुळे दोन रात्रींत पूर्ण दिवस हाती लागतो तो एकच. मग सिंह, बिबट्या, चित्ता आणि नदी ओलांडणारे विल्डेबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) हे सगळं त्याच दिवशी दिसलं पाहिजे, असा धोशा गाडीत सुरू होतो. ड्रायव्हर रेडिओवर कान ठेवून गाडी पळवतो. तिकडून दहा गाड्या त्याच कामाला निघालेल्या असतात. ताडोबात वाघ दिसल्यावर जिप्सींची जी झुंबड उडते, ती आठवा.

मारासाठी किमान चार रात्री ठेवा आणि एखादं ठिकाण सरळ गाळा. खर्च वाढतो, हे खरं. २०२४ पासून परदेशी प्रौढांना जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर प्रवेश शुल्क आहे, जानेवारी ते जून १०० डॉलर. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं, म्हणून पोचण्याची आणि निघण्याची वेळ बुकिंग करतानाच विचारून घ्या. नाहीतर दुपारी उशिरा गेटवर पोचून तासाभरासाठी पूर्ण दिवसाचे पैसे भरावे लागतात.

पहिल्याच संध्याकाळी ड्रायव्हरशी बोला. गाड्यांच्या गर्दीत जायचं नाही, एका जागी दोन तास बसायची तयारी आहे, नियम मोडून गवतात गाडी घालायची नाही, हे त्याला स्वच्छ सांगा. पाहुणे नाराज झाले तर टीप जाईल, ही भीती त्याच्या मनात असते. ती तुम्हीच काढू शकता. स्वाहिलीत म्हण आहे, 'हराका हराका हाइना बराका'. म्हणजे घाईत बरकत नाही. 'बराका' म्हणजे आपली बरकतच!

आता नदीचं. मारा नदीचे काठ उभे आहेत आणि विल्डेबीस्टचे कळप ठरावीक उतारांवरूनच खाली येतात. पुढचे प्राणी पाण्याशी येऊन थबकतात, मागचे रेटत राहतात, धूळ उठते. नेमक्या त्या वेळी एखादी गाडी काठावर सरकली की अख्खा कळप माघारी वळतो. समोरच्या काठावर गाड्यांची रांग असेल तर त्याहून वाईट. वर चढायची वाट अडली की प्राणी भलत्या कड्याशी जाऊन चेंगरतात, बुडतात. २०२५ च्या जुलैत सेरेंगेटीत, म्हणजे माराला लागून असलेल्या टांझानियातल्या राष्ट्रीय उद्यानात, लोक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिले, ते व्हिडिओ जगभर फिरले. म्हणून गाडी काठापासून बरीच मागे, झुडपाआड थांबवायला सांगा. पहिले प्राणी पाण्यात उतरून ओघ नीट सुरू झाला की मगच पुढे जायचं. वाट बघण्यात तीन-चार तास सहज जातात, तेव्हा जेवणाचा डबा आणि पाणी सोबत हवं. कधी कळप दिवसभर उतरतच नाही. तसं झालं तर ड्रायव्हरला बोल लावू नका.

चित्त्याच्या बाबतीत मात्र मला कुठलीच सवलत मान्य नाही. सिंह आणि तरस टाळण्यासाठी चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करतो, म्हणजे ऐन आपल्या फिरण्याच्या वेळात. मादी वारुळावर चढून गवत न्याहाळते, पिल्लं खाली दबून बसतात. तिच्या आणि हरणाच्या मध्ये गाडी आली की शिकार गेली. मारातल्या २०१३ ते २०१७ च्या नोंदींवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं आईपासून स्वतंत्र होईपर्यंत जगली. वर्दळीच्या भागात ०.२. म्हणजे पाच वेतांमागे एक पिल्लू! एका प्राण्याभोवती पाचच गाड्या आणि इतर ताटकळत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची, हा मारा ट्रँगलचा, म्हणजे अभयारण्याच्या पश्चिम भागाचा, नियम आहे. पिल्लं असतील तर तुम्ही पाच मिनिटांतच निघा.

गर्दी नको असेल तर नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोतोरोगी या अभयारण्याला लागून असलेल्या काँझर्व्हन्सी, म्हणजे खासगी राखीव क्षेत्रं, बघा. मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेली ही जमीन आहे, भाडं त्यांच्या घरात जातं आणि पाहुण्यांच्या खाटांची संख्या मर्यादित असते. जानेवारी-फेब्रुवारीतही मारात सिंह-चित्ते असतातच, फक्त मोठे कळप तेव्हा दक्षिण सेरेंगेटीत असतात. एप्रिल-मे टाळा. तिथली जमीन आपल्या कपाशीच्या काळ्या मातीसारखीच, पावसात गाडी रुतली की तास-दोन तास गेले.

निघण्याआधी पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. चिवडा-लाडू प्लास्टिकच्या पिशव्यांत नेऊ नका; केनियात त्यांवर २०१७ पासून बंदी आहे, स्टीलचे डबे न्या. छोट्या विमानाने जाणार असाल तर १५ किलोची मर्यादा धरा, बॅग मऊ हवी. निळे-काळे कपडे घरीच ठेवा, त्से त्से माशी त्यांकडे येते. कॅमेऱ्यासाठी रिकामी कापडी पिशवी न्या, तिथे तांदूळ भरून गाडीच्या कडेवर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. फोटोआधी इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर त्याच्या थरथरीने चित्र हलतं.