मेरी डंडीची, मुक्ता आपली

रविवारी मावशीशी फोनवर चांगलंच वाजलं. विषय नेहमीचाच, ऐतिहासिक कादंबऱ्या. तिचं म्हणणं, खऱ्या माणसांच्या तोंडी वाट्टेल ते घालायचं आणि वर कादंबरीच आहे म्हणून हात झटकायचे, पुरावा काय ह्यांच्याकडे? मी जोरात होते, कारण नुकतीच अ‍ॅने एकहाउट या डच लेखिकेची 'मेरी', म्हणजे 'फ्रँकेन्स्टाइन' ही भयकादंबरी लिहिणाऱ्या मेरी शेलीवरची कादंबरी, इंग्लिशमधून वाचून संपवली होती आणि ती अर्धी घडते मी राहते त्या गावात, स्कॉटलंडमधल्या डंडीत, 1812 साली. उरलेली जिनिव्हाजवळ, 1816 च्या त्या थंड पावसाळी उन्हाळ्यात, जिथे कवी बायरनने भुताच्या गोष्टी लिहायची टूम काढली आणि अठरा वर्षांच्या मेरीला फ्रँकेन्स्टाइन सुचला.

जिनिव्हाचं सगळ्यांना माहीत असतं, डंडीचं कोणाला नाही. आई जन्मानंतर दहा-अकरा दिवसांत गेलेली, सावत्र आईशी पटत नाही, अशी चौदा वर्षांची पोर लंडनहून बोटीने इथे वडिलांच्या ओळखीच्या बॅक्स्टरांच्या घरी आली. तेव्हा इथून व्हेलच्या शिकारीची जहाजं उत्तरेला जायची, आणि फ्रँकेन्स्टाइन सुरू होतो नि संपतो तो उत्तरेच्या बर्फातच, हे इथे राहायला आल्याशिवाय माझ्या डोक्यात जुळलंच नसतं. साउथ बॅफिन स्ट्रीटवर तिची एक पाटी आहे, लोक तिथे गाडी लावून निघून जातात. कादंबरीत बॅक्स्टरांची इझाबेला आणि मेरी यांच्यात मैत्रीच्या पुढचं काहीतरी आहे, इझाबेलाच्या बहिणीचा भीतीदायक नवरा आहे. इथे मी तरी कोणाच्या भावना दुखावलेल्या पाहिल्या नाहीत. हे मावशीला ऐकवलं, जरा टेचातच.

पण खटकलं मलाही. मुलगी लिहायला लागली की तिच्या आयुष्यात काहीतरी भयंकर किंवा कुणाची तरी ओढ असायलाच हवी का? मेरीने स्वतः फ्रँकेन्स्टाइनच्या 1831 च्या प्रस्तावनेत लिहिलंय की तिच्या खऱ्या कल्पना जन्मल्या त्या इथल्या झाडांखाली आणि उघड्याबोडक्या डोंगरांवर. एकटी बसून दिवास्वप्नं बघायची, बास. एवढं पुरत नाही का?

मग मावशी म्हणाली, बरं, आता मुक्ता साळवेचं असंच कर. मी गप्प. तीही चौदाचीच, फुल्यांच्या शाळेतली, 1855 साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि थेट देवालाच विचारते, आमचा धर्म कोणता ते सांग. त्या रागाला कोणी प्रेमप्रकरण चिकटवलं तर मीच पहिली भांडेन, पुरावा मागेन. म्हणजे मेरी माझी नव्हती म्हणून मी एवढी उदार होते होय!

तरी मुक्तावरची कादंबरी मला हवीच आहे. निबंध लिहिला त्या दिवसांची, भांडी, पाणी, शाळेची वाट, कोण हसलं, कोणी वाचून दाखव म्हटलं. यातलं बरंचसं लिहिणाऱ्याला मनानेच रचावं लागणार, आणि मावशी विचारणारच.