गव्हाणीपाशी अडलेली गाडी

डिसेंबरचा पहिला रविवार आला की आमच्या ख्रिस्ती मंडळीत दोन याद्या फिरतात. एक नाताळच्या केकची, कुणाला किती किलो. दुसरी पाठांतराची, म्हणजे नाताळच्या कार्यक्रमात बायबलमधला उतारा तोंडपाठ म्हणणाऱ्या पोरांची. पहिलीत नाव घालायला रांग लागते. दुसरी माझ्या हातात असते, म्हणून त्या रविवारी उपासना संपल्यावर माझ्याभोवती गर्दी अशी नसतेच.

पाठांतर म्हणजे लूक दोन. लूककृत शुभवर्तमान, अध्याय दुसरा, ओव्या एक ते वीस. कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, आज्ञेपासून मेंढपाळ परत जाईपर्यंतची सगळी कथा त्यात येते. सावकाश म्हटलं तर अडीच-तीन मिनिटं लागतात. पोरं ती पाऊण मिनिटात उरकतात. जलद गाडीसारखी, मधल्या कुठल्याच स्टेशनावर अर्थाला चढता-उतरता येत नाही.

यादी वाचायला घेतली की मागच्या बाकावरून हमखास विचारणा होते, "टीचर, मी योहान अकरा पस्तीस करू?" योहान ११:३५ म्हणजे "येशू रडला." दोन शब्द, संपलं. एकशे एकोणिसावं स्तोत्र १७६ ओव्यांचं आहे हे यांना कुणाला सांगता येणार नाही, पण सगळ्यांत लहान ओवी कुठं आहे ते दुधाचे दात पडायच्या आत माहीत झालेलं असतं. ती नाकारली तर दुसरी तयार असते. १ थेस्सलनीकाकरांस ५:१६, "सर्वदा आनंदित असा." तीन शब्द. मूळ ग्रीकमध्ये अक्षरं मोजली तर ही ओवी योहानातल्या ओवीपेक्षाही लहान भरते, पण हे मी वर्गात बोलत नाही. लगेच कुणीतरी ग्रीकमध्ये पाठ करायला तयार होईल.

लूक दोनची पहिली मेख दुसऱ्याच ओवीत आहे. क्विरिनिय. हा सूरियाचा सुभेदार. सुभेदार म्हटल्यावर पोरांच्या डोळ्यांपुढे मल्हारराव होळकर घोड्यावरून येतात, त्यामुळे तो शब्द विनासायास पाठ होतो; नाव मात्र दरवर्षी नवं निघतं. क्विनाईन, क्विरिनी, एकदा थेट किरणीय. त्यावर माझा उपाय साधा आहे: "क्वि-रि-निय" असे तीन तुकडे करायचे, तीन टाळ्या वाजवायच्या आणि दहा वेळा म्हणवून घ्यायचं. अट एकच, व्यासपीठावर टाळ्या वाजवायच्या नाहीत हे आठवणीने सांगायचं.

पुढं मरीया "वाग्दत्त" येते, ती "वाघदत्त" होते. नावनोंदणीच्या "नावनिशी"तली निशी म्हणजे कुणाची तरी मावशी असावी असा सर्वसाधारण समज असतो. प्रवाशांनी उतरायची "उतारशाळा" म्हणजे उतारावरची शाळा, आणि तिथं जागा नव्हती म्हणजे ॲडमिशन फुल झाली होती. शहरातल्या पोरांना यात नवल काहीच वाटत नाही. बाळाला गुंडाळायचं फडकं ते "बाळंतं", या शब्दाची तर डायपरनं पार वाट लावली आहे. आणि गव्हाण म्हणजे गहू ठेवायची जागा, हे तर मोठ्या माणसांनीही मला ठासून सांगितलेलं आहे. गोठ्यात गुरांपुढं वैरण टाकायची ती गव्हाण हे सांगायला मी फळ्यावर चित्र काढते. चित्रातली गाय नेहमी कुत्र्यासारखी येते, मग ते कुत्रं कुठल्या ओवीत आहे यावर दहा मिनिटं जातात. या वीस ओव्यांत कुत्रं नाही. खरं तर गाय, बैल आणि गाढवही नाही. ती सगळी नाटकवाल्यांनी आणलेली. पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोकही इथं नाहीत, ते मत्तयात, आणि तिथंही ते तीनच होते असं लिहिलेलं नाही.

शब्द सुटले की आवृत्त्यांचं भांडण निघतं. आजीचं पवित्र शास्त्र जुन्या भाषांतराचं, मी शिकवते ते सुधारलेलं, आणि मुलाची आई कामावरून येता येता मोबाइलवर बघते ते सोप्या मराठीतलं. एकच देवदूत तीन तऱ्हेच्या मराठीत बोलतो. रविवारी माझ्याकडून पक्की करून दिलेली ओवी सोमवारी आजी "नीट" करते, मंगळवारी आई "सोपी" करते आणि पुढच्या रविवारी माझ्यापुढं उभी राहते ती तीन डब्यांतली उरलेली भाजी एकत्र करून केलेली मिसळ. म्हणून आता पहिल्याच दिवशी वीसच्या वीस ओव्यांची झेरॉक्स देते आणि वर लाल पेनानं लिहिते: हीच म्हणायची. आजी त्यावर शाईच्या पेनानं दुरुस्त्या करून पाठवतात.

पण खरा घात होतो गव्हाणीपाशी. लूक दोनमध्ये गव्हाण तीनदा येते: सातव्या ओवीत, बाराव्यात आणि सोळाव्यात. सातव्यात मरीया बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवते. बाराव्यात देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो, बाळंत्यानं गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं बालक. शब्द जवळजवळ तेच. रेल्वेचा सांधा बदलायचा राहिला तर गाडी भलत्याच रुळावर जाते, तसं पोर बाराव्यातून सातव्याच्या शेपटीला लागतं: "...कारण उतारशाळेत जागा नव्हती." पुन्हा आठवी, पुन्हा मेंढपाळ रात्री कळप राखतात, पुन्हा देवदूत, पुन्हा खूण, पुन्हा जागा नव्हती. मी याला गव्हाणफेरी म्हणते. दुसरी चूक उलट्या बाजूची, बाराव्यातून थेट सोळाव्यात. मग स्वर्गातलं सैन्य येतच नाही, चौदाव्या ओवीतलं "ऊर्ध्वलोकी देवाला गौरव" कुणी म्हणतच नाही, आणि कार्यक्रम पाच मिनिटं आधी संपतो. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळाला ही चूक मनापासून आवडते.

यावर औषध आहे. पहिलं म्हणजे सुरुवातीपासून पाठ करायचंच नाही. अडलं की पोर पहिल्या ओवीवर परत जातं, त्यामुळे कैसर औगुस्त शंभर वेळा घोटला जातो आणि मेंढपाळांच्या वाट्याला चार वेळा येतात. म्हणून मी उलटं करते. आधी विसावी ओवी. मग एकोणीस-वीस. मग अठरा ते वीस. रोज एक ओवी पुढून जोडायची, वीस दिवसांत पहिलीवर पोचायचं. म्हणताना मग अनोळखी भागातून ओळखीच्या भागात जाता येतं, घराकडं परतल्यासारखं. दुसरं, तिन्ही गव्हाणींना वेगवेगळ्या खुणा. सातवीला हातांचा पाळणा, बारावीला एक बोट वर, सोळावीला जागच्या जागी धावायचं, कारण मेंढपाळ घाईघाईनं गेले. तिसरं, बारा आणि तेरा या ओव्या कधीही सुट्या म्हणू द्यायच्या नाहीत. खूण सांगून झाली की श्वास न घेता तेराव्यातलं "इतक्यात". श्वास घेतला की उतारशाळा आलीच.

कुणी सुचवतं, चाल लावा. फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीबद्धच होतं, रेव्हरंड टिळकांचे अभंग तर पाळण्यातल्या पोरांनाही येतात. खरं आहे. पण लूक दोन गद्य आहे. त्याला आपण ओव्या म्हणतो एवढंच. बायबलच्या नव्या कराराला ओव्यांचे हे आकडे १५५१ साली रोबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकानं घातले, त्याआधी "बारावी की सातवी" हा प्रश्नच नव्हता. गद्याला चाल लावली तर पाठ होतं, पण मग चालीशिवाय निघत नाही. आणि माइकवर चाल चुकली की शब्दही तिच्यामागोमाग जातात. दुसरे कुणी पंडिता रमाबाईंचा दाखला देतात. लहानपणीच भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत, पुढं हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. हा दाखला ऐकला की पोरं माझ्याकडं असं बघतात की रमाबाईंची बाजू मीच सोडून देते.

आठवडा उरला की शत्रू बदलतो. रात्री घरोघरी नाताळची गाणी म्हणणाऱ्या कॅरल पार्टीबरोबर फिरायचं, दर घरी चहा, ढोलकीच्या वर आवाज चढवायचा, आणि घरी आल्यावर करंज्या. थंडी, जागरण आणि तळण या तिन्हीपुढं कुठलाही घसा टिकत नाही. तेविसापर्यंत निम्म्या वर्गाचा आवाज मेंढरासारखा होतो. तो पाठांतरापेक्षा नाटकात जास्त उपयोगी. पालकांना माझी एकच विनंती असते, चकलीचा डबा कपाटावर ठेवा. ठेवतात. पोरं स्टूल घेतात.

मग तो दिवस. माइक मोठ्या माणसाच्या उंचीला, पोर त्याच्या खाली. चार बोटं अंतर ठेव म्हणून सांगितलेलं असतं, तरी ते माइकला ओठ टेकवतं आणि "बाळंत्यानं"मधला ब सगळ्या देवळात फटाक्यासारखा फुटतो. दहावी ओवी येते. इथं देवदूतानं खणखणीत आवाजात म्हणायचं असतं, "भिऊ नका." हे दोन शब्द दरवर्षी अगदी बारीक, कापऱ्या आवाजात येतात. पुढं बारावी. मी दुसऱ्या रांगेतून एक बोट वर करते. पोर बोटाकडं बघतं, पहिल्या रांगेतल्या आजी जुन्या भाषांतरातून पुढचे शब्द पुरवतात, त्यांच्या शेजारची दुसऱ्याच भाषांतरातून, आणि पोर श्वास घेतं.

"...कारण उतारशाळेत जागा नव्हती."

गव्हाणफेरी सुरू. दुसऱ्या फेरीला पाळकसाहेब घड्याळ बघतात. तिसऱ्या फेरीला सगळी मंडळीच एका सुरात "इतक्यात" म्हणते आणि गाडी सुटते.

शेवटी बक्षिसं. वीस ओव्या म्हणणाऱ्याला कंपासपेटी. बारा म्हणणाऱ्यालाही कंपासपेटी, कारण सेक्रेटरींनी एकच गठ्ठा आणलेला असतो. आणि आयत्या वेळी उठून, माइकपाशी जाऊन, "योहान अकरा, पस्तीस. येशू रडला," एवढंच बोलून खाली बसलेल्यालाही कंपासपेटी, शिवाय टाळ्या सगळ्यांत जास्त, कारण त्याचं एकट्याचंच बिनचूक झालेलं असतं.