पीएमओ बंद केल्याने टीम अजाइल होत नाही

आमच्या सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सूर असा: अजाइल आलं, आता पीएमओ बंद करा. (पीएमओ म्हणजे इथे कंपनीतलं प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस, सगळ्या प्रकल्पांवर नजर ठेवणारं. अजाइल म्हणजे काम छोट्या तुकड्यांत, लागेल तसे बदल करत पुढे नेण्याची पद्धत.) कारणं पाच दिली आहेत. पीएमओ कामात नुसता अडथळा आणतं, टीम आपापलं बघायला समर्थ आहेत, अजाइलला नियोजनच मान्य नाही, कामाची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये सगळं आपोआप दिसतं आणि ऑफिस बंद केलं तर पैसे वाचतात. पुण्यात अकरा वर्षं मी हेच काम करते आहे, म्हणून हे मुद्दे नुसते वाचून सोडून देणं मला जमलं नाही.

पीएमओ अडथळा आणतं, हा पहिला मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग मी डोळ्यांनी पाहिला आहे. आधीच्या कंपनीत एका विमा प्रकल्पात 'नॉमिनी' या शब्दाचं स्पेलिंग स्क्रीनवर चुकलं होतं. टेस्टिंगमधल्या मुलीने ते पकडलं. दुरुस्ती दहा मिनिटांची. पण चेंज रिक्वेस्टचा फॉर्म तीन पानी होता, त्यात खर्चावर होणारा परिणाम, जोखीम, रोलबॅकची म्हणजे बदल मागे घेण्याची योजना असं सगळं भरावं लागे. बदलांना मंजुरी देणारं चेंज कंट्रोल बोर्ड बसायचं एक आड एक गुरुवारी. तिने सोमवारी फॉर्म भरला, बोर्ड दहा दिवसांनी बसलं, एका सदस्याची मंजुरी राहिली म्हणून विषय पुढच्या बैठकीवर गेला. एक अक्षर बदलायला 24 दिवस लागले.

त्यानंतर जे झालं ते जास्त गंभीर होतं. पोरांनी छोटे बदल बोर्डापुढे आणणंच थांबवलं. बदल 'बग फिक्स'च्या नावाखाली गुपचूप आत जाऊ लागले. त्यातल्या एकाने प्रीमियमच्या गोळाबेरजेला धक्का लावला आणि तो कुणी, कधी केला हे शोधायला आठवडा गेला. नियम कडक होता, पण आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

यावर उपाय म्हणून बोर्ड मोडायची गरज नव्हती. आत्ताच्या ठिकाणी आम्ही बदलांचे तीन थर केले आहेत. डेटा, पैसा किंवा दुसऱ्या टीमचं काम यांपैकी कशालाही हात लागत नसेल तर टीमनेच ठरवायचं आणि एक ओळ नोंदवायची. दुसऱ्या टीमला लागत असेल तर दोन्ही लीडनी त्याच दिवशी बोलून मिटवायचं. करार, तारीख किंवा बजेट हलणार असेल तरच बोर्ड, आणि ते आठवड्याची वाट न बघता 48 तासांत बसतं. लवचिक पीएमओ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे हे असतं: कुठला निर्णय कुणाच्या हातात, हे आधी ठरलेलं.

दुसरा मुद्दा टीम स्वतःचं बघतात हा. बघतात, पण स्वतःचंच. एका शनिवारी आमच्या डेटाबेस टीमने दुरुस्तीच्या पॅचसाठी यूएटी सर्व्हर, म्हणजे ग्राहक ज्यावर चाचणी करतो तो, बंद केला. त्यांच्या दृष्टीने आठवड्यातली सगळ्यात निवांत वेळ. त्याच सकाळी पेमेंट टीमने ग्राहकाकडची आठ माणसं चाचणीसाठी बोलावून ठेवली होती. दोन्ही टीम हुशार, दोघांचेही कामाचे फलक अद्ययावत. फक्त दोन्ही फलक एकत्र बघणारं कुणी नव्हतं.

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत घडली. हेल्थकेअर डॉट गव्ह ही आरोग्यविम्याची सरकारी साइट 1 ऑक्टोबर 2013 ला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी मोजून सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. पन्नासाहून जास्त कंत्राटदार त्यावर राबत होते. त्या टीम अजाइल होत्या असं मी म्हणत नाही. पण सगळ्यांचं काम एकत्र जुळवण्याची जबाबदारी ज्या सरकारी खात्याने स्वतःकडे ठेवली होती, त्याला ती पेलली नाही. सुटका कशी झाली ते बघण्यासारखं आहे. व्यवस्थापनातले जाणकार जेफ्री झाइंट्स यांच्याकडे सूत्रं दिली गेली, एका कंपनीला सगळ्या कंत्राटदारांवर मुख्य नेमलं आणि रोज उभ्या उभ्या बैठका सुरू झाल्या. गूगलमधून आलेल्या मिकी डिकरसन यांनी त्या बैठकांसाठी नियम घातले. त्यातला एक असा की बोलायचं ते ज्याला प्रश्न सगळ्यात जास्त कळतो त्याने, पदाने मोठा असलेल्याने नाही. डिसेंबर उजाडेपर्यंत साइट एका वेळी 50,000 माणसं पेलू शकते, असं सरकारने सांगितलं. तिथे समन्वयाचं केंद्र आणखी घट्ट झालं आणि बोलण्याचा अधिकार मात्र खाली गेला. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

अजाइलला नियोजन मान्य नाही, या तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. 2001 साली युटातल्या स्नोबर्डला 17 जणांनी अजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, त्यात योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद महत्त्वाचा म्हटलं आहे खरं. पण शेवटच्या वाक्यात उजवीकडच्या, म्हणजे योजनेसारख्या दुय्यम ठरवलेल्या, गोष्टींनाही मोल आहे, हे त्यांनीच मान्य केलं आहे. फिरणाऱ्या मजकुरात नेमकं ते वाक्य गाळलेलं आहे. आणि पीएमओवाले जुन्या पोथीला चिकटून आहेत म्हणावं तर पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेच्या पीएमबोक या मार्गदर्शक ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत 49 प्रक्रिया होत्या, 2021 च्या सातव्या आवृत्तीने तो साचा सोडून 12 तत्त्वं पुढे ठेवली.

आता टूल. जिरा या कामाची नोंद ठेवणाऱ्या टूलचा डॅशबोर्ड मी दिवसातून दहादा उघडते, तो हवाच. पण त्यात माणसाने भरलेलं दिसतं. रिलीजच्या दोन आठवडे आधीपर्यंत सगळं हिरवं आणि मग एका सकाळी लाल, हे प्रत्येकाने अनुभवलं आहे. आमच्याकडे अशा प्रकल्पाला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं, आत लाल. आतला रंग कळतो तो टीमजवळ बसून, 'तुझं हे काम कुणामुळे अडलंय?' असं विचारल्यावर. शिवाय एका टीमचे आठ स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा टीमने केलेला अंदाज) दुसरीच्या तीनाएवढे असू शकतात. त्यांची बेरीज करून वरिष्ठांना दाखवणारा डॅशबोर्ड दिशाभूल करतो.

पैसे वाचतात, हे पगाराच्या रकान्यात दिसेल. काम मात्र तिथेच राहतं आणि ते टीम लीडच्या डोक्यावर येतं, संध्याकाळी सातनंतर.

केंद्र आणि मोकळीक एकत्र नांदतात याचं आपल्या मातीतलं उदाहरण कोकण रेल्वेचं आहे. 1990 साली महामंडळ स्थापन झालं. रोहा ते ठोकूर सुमारे 740 किलोमीटर, 91 बोगदे. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला आणि जागेवरचे निर्णय जागेवरच घेण्याची मुभा दिली. तारखेवरची नजर मात्र वर राहिली. किती दिवस उरले ते दाखवणारी उलटी घड्याळं कार्यालयांत लावली होती. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती ढासळत राहिली, ठरल्यापेक्षा उशीर झाला, 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग खुला झाला. मुंबईहून मडगावला जाताना त्या अंधारातून गाडी निघते तेव्हा मला तिथल्या अभियंत्याची आठवण येते. रोज बदलणाऱ्या मातीपुढे त्याला मुख्यालयातल्या फॉर्मची वाट बघत बसवलं असतं तर काय झालं असतं?

त्या मजकुरातली एक तक्रार मात्र मी जशीच्या तशी मान्य करते: आम्ही मागतो त्यातले बरेच अहवाल कुणी वाचत नाही. मागच्या तिमाहीत आम्ही साप्ताहिक अहवालाचे सतरा रकाने फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न टाकला: हा वाचून गेल्या तीन महिन्यांत कुणी काय ठरवलं? पाच रकाने उरले. बाकीचे बारा पुढच्या सोमवारपासून भरायचे नाहीत असं टीमना कळवलं. आता हाच प्रश्न आम्ही रिस्क रजिस्टरला, म्हणजे जोखमींच्या यादीला, लावतो आहोत.